जुना डाव फोडून भिंतीवर लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर जुन्या गंजिफांची, म्हणजे हातानं रंगवलेल्या आपल्याकडच्या गोल पत्त्यांची, सुटी पानं फ्रेममधे बसवून दिवाणखान्यात कशी लावायची ते फोटोसकट दिलं होतं. फोटो देखणे होते, त्याबद्दल वाद नाही, पण खाली एक ओळ होती की संच अपुरा असेल तर त्याचा तसाही काही उपयोग नसतो तेव्हा आवडतील ती पानं काढून घ्या, आणि ती वाचल्यापासून मला चैन नाहीये. मी २२ वर्षं जुने पत्ते जमवतोय, विलायती कॅट पण आणि गंजिफा पण, आणि एवढ्या वर्षांत चांगल्या चांगल्या डावांची जी वाट लागलेली बघितली ती वाळवीमुळे कमी आणि या एका समजुतीमुळे जास्त. पत्र लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा, पण अपुऱ्या डावाबद्दलचं तेवढं राहू द्या ही विनंती.

पत्ते ही वापरून संपवायची वस्तू होती हो. तिजोरीत ठेवायचा दागिना नव्हता तो, लोकांनी ते पिसले, वाटले, तावातावाने आपटले, मुलांनी त्यांचे बंगले बांधले, आणि एक पान हरवलं की खेळ बंद, मग उरलेली ५१ चुलीत नाहीतर कचऱ्यात. युरोपात तर बाद झालेले पत्ते पुस्तकबांधणीवाल्यांकडे जायचे, पुठ्ठा जाड करायला आत एकावर एक चिकटवायचे, आणि अगदी सुरुवातीच्या काळातले कितीतरी पत्ते आज आपल्याला माहीत आहेत ते कुणीतरी एखाद्या जुन्या ग्रंथाचा पुठ्ठा उकलला आणि आत हे निघाले म्हणून. त्यामुळे पाचशे वर्षं जुना आणि वर पूर्ण असा कॅट जवळपास नसतोच. इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातले पत्ते आहेत, लांबीला वीतभराहून जास्त, हातानं रंगवलेले, निळ्या आणि सोनेरी रंगाचं नक्षीकाम, चार रंग म्हणजे पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या, राजा आणि त्याचे दोन नायब आहेत पण एकाचंही चित्र नाही, फक्त नाव आणि हुद्दा अक्षरात लिहिलेला. ५२ पैकी ४७ पानं शिल्लक आहेत आणि त्यातली काही मूळ डावातली नाहीतच, हरवलेल्याची जागा भरायला दुसऱ्या डावातून आणलेली आहेत. लिओ मायर नावाच्या अभ्यासकानं १९३९ साली ती प्रसिद्ध केली आणि युरोपातले पत्ते कुठून आले या प्रश्नाचं एवढं ठोस उत्तर पहिल्यांदा हातात आलं, कारण इटली-स्पेनच्या जुन्या पत्त्यांत पेले, नाणी, तलवारी आणि काठ्या हेच चार रंग आहेत. आता पाच पानं कमी आहेत, काही भरतीची आहेत, मग उचला आवडतील ती आणि लावा भिंतीवर, असं तेव्हा कुणी केलं असतं तर?

जर्मनीत श्टुटगार्टला एक कॅट आहे, साधारण १४३० च्या सुमाराचा, बदकं, ससाणे, हरणं आणि शिकारी कुत्रे असे चार रंग. ५२ पैकी ४९ आहेत. तोही अपुराच.

पंधराव्या शतकातला हातानं रंगवलेला ५२ पानांचा साधा कॅट जसाच्या तसा पूर्ण उरलाय असं एकच उदाहरण माहीत आहे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला, लंबगोल पानांचा, त्यात शिकारीच्या सामानाचे रंग आहेत, शिंग, कुत्र्याचा पट्टा, दोरी आणि फास. तो उरला कारण तो फारसा खेळलाच गेला नसावा, पानांवर झीज नाही म्हणण्याइतकी कमी आहे. म्हणजे पूर्ण असणं हाच अपवाद आणि अपुरा असणं हे रोजचं, हे या नादात पडलेल्या माणसाला पहिल्या वर्षात कळतं, मग घरसजावटीच्या पानावर ते उलटं का छापायचं हे मला खरंच कळलं नाही.

आता फोडलेल्या डावाचं काय होतं तेही सांगतो. मिलानच्या ड्यूक घराण्यासाठी पंधराव्या शतकाच्या मध्याला रंगवलेला एक टॅरोचा, म्हणजे जादा हुकमी चित्रपानं असलेल्या इटालियन पत्त्यांचा, जोड आहे, व्हिस्कोंटी-स्फोर्झा म्हणतात त्याला, पार्श्वभूमीला सोन्याचा वर्ख लावलेली चित्रं. मूळ ७८ पानं असावीत, ७४ उरलीत, आणि ती तीन ठिकाणी, ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ इटलीत बेर्गामोच्या अकादेमिया कारारामधे आणि १३ एका जुन्या घराण्याकडे. एकाच टेबलावर मांडलेलं काम आणि आज बघायचं तर समुद्र ओलांडायला लागतो. तरी ते नशीबवान, कारण कुठली पानं कुठं आहेत याची नोंद राहिली. साध्या माणसाच्या घरातला डाव फुटला की त्याची नोंद कोण ठेवणार, ती पानं एकमेकांना परत कधीच भेटत नाहीत.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाहीये, माझ्यासमोर झालेलं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका जुन्या वस्तू विकणाऱ्याकडे दशावतारी गंजिफांचा डबा आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दशावतारी म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, म्हणजे बारा दाहे १२०. या डब्यात ११४ होती. सहा पानं गेलेली, सगळी आकड्यांची, राजे-प्रधान सगळे हजर. मी तिथं जमिनीवर बसून रंगवार लावून मोजली, दोन तास लागले, विकणाऱ्यानं काही म्हटलं नाही. पैशाची जुळवाजुळव करायला मी पंधरा दिवसांची मुदत मागितली, तो हो म्हणाला, आणि पंधरा दिवसांनी गेलो तर डब्यात ९४ पानं. दहा राजे आणि दहा प्रधान गेले होते, वेगवेगळ्या लोकांना, कुणाला एक कुणाला दोन, चित्रं सुंदर म्हणून. तो म्हणाला साहेब तुम्हाला खेळायचे थोडेच होते, उरलेली घ्या की. मी ती ९४ घेतली. त्या माणसावर राग धरून काय करू, त्याच्या डोक्यात तेच होतं जे तुमच्या पुरवणीत छापलंय, अपुराच आहे ना मग काय फरक पडतो.

फरक काय पडतो ते गंजिफा खेळलेला माणूस लगेच सांगेल. ह्या खेळात हुकूम नसतो, पिसून तीन जणांत चाळीस चाळीस पानं वाटायची, आणि दिवसा खेळत असाल तर ज्याच्या हातात रामाचा राजा आलाय तो डाव उघडतो, दिवे लागल्यावर खेळत असाल तर कृष्णाचा राजावाला उघडतो. निम्म्या रंगांत प्रधानाच्या खाली दश्शी मोठी आणि निम्म्या रंगांत उलटं, एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात खाली, हे सगळं डोक्यात ठेवून कुठलं पान जाऊन आलं याचा हिशोब करायचा, फार डोक्याचा खेळ आहे. आकड्याचं एखादं पान हरवलं तर कोऱ्या पुठ्ठ्याचं गोल पान कापून लोक खेळायचे. माझ्याकडे आता राम नाही आणि कृष्णही नाही, म्हणजे हा डाव ना दिवसा उघडता येतो ना रात्री.

आणि प्रश्न नुसता खेळाचा पण नाहीये. एक पान जवळून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. आता माझ्यासमोर कूर्माची सत्ती आहे, साधारण ७ सेंटीमीटरचं गोल पान, मधे एक कासव आणि त्याच्याभोवती सहा, सगळ्यांची तोंडं कडेकडे. पाठीचे खवले म्हणजे कुंचल्याच्या तीन आडव्या आणि तीन उभ्या रेघा, एकाही रेघेला दुसरा हात फिरवलेला नाही, डोळा म्हणजे एक टिंब. आता हे एकच पान बघितलं तर काय, सात कासवं, गोड आहेत. पण हीच सत्ती मत्स्याच्या सत्तीशेजारी आणि वामनाच्या सत्तीशेजारी ठेवली की दिसतं की कासवांचा हात वेगळा आहे आणि कमंडलूंचा हात वेगळा, एक माणूस घाईचा आणि एक निवांत, बहुतेक घरातल्या दोघा-तिघांनी मिळून डाव रंगवलेला, आणि परशुरामाच्या नव्वीत तर नवव्या परशूला जागा कमी पडल्यामुळे तो तिरका घातलाय, तोच माणूस पुढं दश्शी करताना आधी जागा आखून घेतो, आखणीची पुसट रेघ रंगाखालून दिसते. रंगवणारा कुठं शिकला, कुठं सावध झाला हे १२० पानांच्या ओळीत वाचता येतं. राजा फ्रेममधे गेला की राजाचं चित्र उरतं फक्त, ही सगळी गोष्ट जाते.

तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांकडे वास्तुशांतीला गेलो होतो, बैठकीच्या खोलीत भिंतीवर फ्रेममधे वराहाचा राजा. कडेची पिवळी पट्टी, तिच्यावर दोन दोन काळे ठिपके आणि मधे एक लाल, हा नमुना मी झोपेत पण ओळखीन. मी तिथंच उभा राहिलो, त्या घरच्या वहिनी विचारायला आल्या की काय झालं, मग सगळं सांगितलं. भली बाई, लगेच फ्रेम उतरवून हातात दिली, म्हणाल्या मागची बाजू जुळवून बघा, पण फ्रेमवाल्यानं पान पुठ्ठ्याला फेविकॉलनं पक्कं चिकटवून टाकलेलं. पाठ बघायचीच तर पान फाटणार. ती पाठ लाखेनं लाल केलेली असणार, माझ्या बाकीच्या पानांसारखी, आणि कदाचित त्यावर जुन्या मालकाची खूणही असेल, कारण माझ्याकडच्या ९४ पैकी अकरा पानांच्या पाठीवर मोडीत एक अक्षर कोरलेलं आहे. ते आता कळायचा मार्ग नाही.

तेव्हा पाठ, पाठ, पाठ. जुन्या पत्त्यांची अर्धी गोष्ट पाठीवर असते आणि फ्रेम नेमकी तीच झाकते. युरोपियन पत्त्यांची पाठ एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक कोरी असायची आणि चांगला जाड कागद फुकट मिळतोय म्हटल्यावर लोक त्यावर वाट्टेल ते लिहायचे, निमंत्रणं, पावत्या, चिठ्ठ्या, औषधाचे कागद. १६८५ मधे कॅनडात, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, फ्रान्सहून पैसे घेऊन येणारं जहाज वेळेवर आलं नाही तेव्हा तिथल्या कारभाऱ्यानं, जाक द म्यूल त्याचं नाव, लोकांकडचे पत्ते गोळा केले, त्यावर रक्कम लिहून सही-शिक्का मारला आणि सैनिकांचा पगार पत्त्यांत दिला. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची पुस्तकं सरकारजमा झाली तेव्हा १७९१ मधे त्यांची यादी करायचा हुकूम निघाला तो पत्त्यांच्या पाठीवर करायचा, आणि लांबलचक नावांच्या पुस्तकांसाठी एक्के आणि दुर्र्या राखून ठेवा असंही त्यात सांगितलेलं, कारण त्यांच्या चित्राच्या बाजूलाही मोकळी जागा जास्त. मला हे वाचून त्या न बघितलेल्या कारकुनाबद्दल फार माया वाटली होती, ज्यानं बसून विचार केला की दश्शीवर जागा पुरणार नाही, एक्का ठेवा बाजूला. माझ्याकडच्या एका फ्रेंच कॅटमधे चौकटच्या नव्वीच्या पाठीवर कुणीतरी धुतलेल्या कपड्यांची यादी केलीय, शर्ट सहा, मोजे चार जोड. विकणारा म्हणत होता पुसून देतो. मी म्हटलं नको रे बाबा, तेच तर पाहिजे.

इस्पिकच्या एक्क्याचं पण तेच, तो सुटा काढून फ्रेम करायची फार हौस आहे लोकांना कारण तो नक्षीदार असतो. पण तो नक्षीदार का असतो ते माहितीये का? इंग्लंडमधे १७११ पासून पत्त्यांवर जो कर वाढवला तो भरल्याची खूण म्हणून. आधी नुसता शिक्का मारायचे, मग १७६५ पासून इस्पिकचा एक्का सरकारच्या स्टँप ऑफिसनंच छापायचा असं ठरलं, बाकीची ५१ पानं कारखानदार छापणार आणि एक्का सरकारकडून आणणार, म्हणून कुणाला नक्कल करता येऊ नये असं किचकट नक्षीकाम. खोटा एक्का छापला म्हणून १८०५ मधे रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला फाशी दिलं होतं, एका पत्त्यासाठी. १८२८ पासूनचा एक्का तर इतका वेलबुट्टीचा की त्याला ओल्ड फ्रिझल असंच नाव पडलं, १८६२ ला ती पद्धत बंद झाली आणि कारखानदार आपापला एक्का छापायला लागले, पण सवय म्हणा किंवा शोभा म्हणा, नक्षी राहिली आणि शेजारी कारखान्याचं नाव आलं. करच मुळात १९६० मधे गेला. म्हणजे जुन्या इंग्रजी कॅटचा इस्पिक एक्का हा त्याचा जन्मदाखला आहे, कुठल्या वर्षांच्या दरम्यान कुणी छापला ते त्यावरून कळतं, तो काढून घेतला की उरलेली ५१ पानं बेवारस. अमेरिकन कॅटवर १८९४ ते १९६५ पर्यंत डब्याला कराचं तिकीट चिकटवलेलं असायचं आणि त्यावर कंपनीची अक्षरं आणि तारीख उमटवलेली, ते पण लोक डबा उघडताना फाडतात किंवा खराब दिसतं म्हणून भिजवून काढतात. डबा, वरचा कागद, तिकीट, जोकर, नियमांचा कागद, काही म्हणजे काही टाकू नका.

घरात जुना कॅट सापडला आणि किती जुना कळत नसेल तर साध्या चार गोष्टी बघा. पानाच्या कोपऱ्यात आकडा आणि रंग छापलाय का? नसेल तर बरंच जुनं असायची शक्यता, कारण कोपऱ्यातले आकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले, पानं एका हातात पंख्यासारखी धरली तरी ओळखता यावीत म्हणून. राजा-राणी-गुलाम दोन्हीकडून सारखे आहेत की पायापर्यंत उभे आहेत? उभ्या चित्राची अडचण अशी की पान उलटं आलं की माणूस ते सुलटं करायचा आणि समोरच्याला कळायचं की ह्याच्याकडे चित्र आलं, म्हणून दोन तोंडांची चित्रं आली. कोपरे चौकोनी की गोल? चौकोनी कोपरा दुमडतो आणि दुमडलेलं पान ओळखू येतं, म्हणून पुढं गोल आले. पाठ कोरी की नक्षीची? कोऱ्या पाठीवर एक डाग पडला की झालं, खूण, म्हणून पुढं नक्षी आली. आणि जोकर असेल तर १८६० च्या दशकाच्या आधीचा कॅट नक्की नाही, जोकर तेव्हा अमेरिकेत आला. मात्र राजाच्या डोक्यावर मुकुट नाही म्हणून पान खराब समजू नका, १७९३ च्या सुमाराला फ्रान्समधे राजा-राणीच नको झाल्यावर छापणाऱ्यांनी ठशातले मुकुट तासून काढले होते, काहींनी राजा-राणी-गुलाम काढून त्यांच्या जागी स्वातंत्र्य, समता अशी चित्रं आणली. असा बिनमुकुटाचा राजा मिळाला तर सांभाळा.

भिंग घेऊन बघायची सवय ठेवा एवढं मात्र सांगतो. जुन्या पत्त्यात काळ्या रेघा लाकडी ठशाच्या आणि रंग कापलेल्या नमुन्यातून लावलेले असतात, त्यामुळे रंग रेघेबाहेर सांडतो, कुठं पोचतच नाही. भिंगाखाली बारीक बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आताची छपाई, मग कडा कितीही पिवळ्या आणि चहात बुडवल्यासारख्या असोत.

ठेवायचं कसं याबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्याच वर्षी मत्स्याच्या चौकीवरची धूळ मी ओल्या फडक्यानं पुसली. गंजिफेला वरून लाख असते म्हणून वाटलं पाण्यानं काय होणार, पण जिथं लाखेला बारीक तडा होता तिथून पाणी आत गेलं आणि फडक्याला हिरवा रंग आला. चौथ्या माशाचा डोळा गेला. कुणीतरी शे-दीडशे वर्षांपूर्वी एका टिंबात काढलेला डोळा. गंजिफा म्हणजे कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले, त्यावर खडूचा लेप, तो दगडानं घोटून गुळगुळीत केलेला, मग रंग आणि मग लाख. पाणी शिरलं की खडू फुगतो, उन्हात ठेवलं की लाख तडकते, आणि खळ तर कसरीचं आवडतं खाणं, म्हणून कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका, प्रत्येक पानामधे कोरा पातळ कागद घाला आणि दर दोन-तीन महिन्यांनी डबा उघडून बघा. रबरबँड लावू नका, ते वितळून चिकटतं आणि डाग जात नाही. सेलोटेप नको. आणि लॅमिनेशन, हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका, एका सद्गृहस्थानं आपल्या आजोबांचा कॅट जपण्यासाठी म्हणून पानपान लॅमिनेट करून मला प्रेमानं दाखवला होता, मला काय बोलावं सुचलं नाही.

आता ज्यांना भिंतीवर गंजिफा हवीच आहे त्यांचं काय, तर त्यांना नाही म्हणायचा माझा हेतू नाही, ती आहेच तेवढी देखणी. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे, अकबराच्या १२ रंगांच्या डावाचं वर्णन अबुल फजलनं ऐन-ए-अकबरीत करून ठेवलंय, म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर ३६० पानांपर्यंतचे डाव रचले, राजाच्या दरबारात हस्तिदंती पानं आणि बाजारात कागदाची, एवढा मोठा पसारा होता या खेळाचा. आणि महाराष्ट्रात सावंतवाडीला ही कला हातातून निसटत चालली होती तेव्हा शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती परत उभी केली, तिथं आजही दशावतारी हातानं रंगवतात. मग भिंतीसाठी नवी घ्या ना! रंग ताजे, पूर्ण संच मिळतो, आणि पैसे जातात ते कारागिराच्या घरात. नवा संच तुम्ही फ्रेम करा, वाटून टाका, काही हरकत नाही कारण तो करणारा हात अजून आहे आणि परत करेल. जुन्याचा हात आता नाही. शिवाय १०० वर्षांहून जुनी गंजिफा ही १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू आहे, ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, पण डाव फोडला की हेच सोपं होतं, १२० पानांचा डबा लपत नाही आणि एक पान पाकिटात घालून निघून जातं, ह्याचा पण विचार व्हायला हवा.

आणि एवढं सांगूनही फोडायचाच असेल, वाटण्या झाल्यात, प्रत्येक भावाला आठवण हवीय, होतं असं, मी समजू शकतो, तर फोडायच्या आधी एक दुपार द्या. सगळी पानं रंगवार लावा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, डब्याचा आतून-बाहेरून काढा, किती पानं होती आणि कुठलं कुणाकडे गेलं ते एका वहीत लिहा आणि त्या वहीची प्रत प्रत्येकाकडे ठेवा. फ्रेम करताना चिकटवू नका, कागदाच्या चार कोपऱ्यांत अडकवून बसवता येतं, फ्रेमवाल्याला सांगितलं तर तो करतो. त्या वहिनींनी वराहाच्या राजाच्या फ्रेममागं माझ्यासमोर चिठ्ठी लावली, हे पान ११४ पानांच्या डावातलं आहे, त्यातली ९४ अमुक यांच्याकडे आहेत म्हणून, खाली तारीख. मी ते पान मागितलं नाही आणि मागणारही नाही, पण चिठ्ठी लागली त्या रात्री मला शांत झोप आली.

तुमचा पेपर खूप घरांत जातो म्हणून शेवटी एक सांगून ठेवतो. माझ्या डावातले नऊ राजे आणि दहा प्रधान अजून कुठंतरी भिंतींवर आहेत. कडेला पिवळी पट्टी, तिच्यावर दोन काळे ठिपके मग एक लाल, परत दोन काळे, पट्टीच्या आत बारीक पांढरी रेघ, पाठ लाल, आणि काहींच्या पाठीवर सुईनं कोरावं तसं मोडीतलं एक अक्षर. कुणाकडे असं पान असेल तर ते परत नकोय मला, नुसता समोरून एक फोटो, आणि पान चिकटवलेलं नसेल तर पाठीचा एक, तुमच्या पेपरच्या पत्त्यावर पाठवावा. रामाचा राजा कुणाकडे असेल तर जरा लवकर पाठवा.

आपला,
एक जुना वाचक